साथीच्या आधीपासूनचं जागरण

२०२० मध्ये डॉक्टर, नर्स आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांची झोप उडाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा दोष सगळा कोविडच्या विषाणूवर गेला. जागरण मात्र जुनं होतं. १८८९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं. तिथे विल्यम हॉलस्टेड यांनी शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणाची जी पद्धत घडवली, तिच्यात शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहायचा, रात्री-अपरात्री हाकेला धावायचा. पुढे शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामावर बंधन घातलं. किती? आठवड्याला ८० तास. तेही १९८४ मध्ये एका रुग्णालयात १८ वर्षांची मुलगी दगावल्यावर आणि डॉक्टरांच्या थकव्यावरून बराच गदारोळ झाल्यावर.

साथीत याच थकव्यात भीती मिसळते, आणि ती स्वतःपेक्षा घरच्यांना लागण होण्याची जास्त. २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत जगभर सुमारे ८,१०० रुग्ण झाले; त्यांतले साधारण एक पंचमांश आरोग्य कर्मचारीच होते. कॅनडातल्या टोरांटोत साथ ओसरून वर्ष-दोन वर्षं झाल्यावर कर्मचाऱ्यांची पाहणी झाली आणि सार्सची झळ न लागलेल्या जवळच्या हॅमिल्टन शहरातल्या कर्मचाऱ्यांशी तुलना केली गेली. टोरांटोतला मानसिक ताण तेव्हाही जास्त होता.

अशी तुलना २०२० मध्ये क्वचितच दिसली. चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सच्या पाहणीत ३४ टक्क्यांना निद्रानाशाची आणि सुमारे ४५ टक्क्यांना चिंतेची लक्षणं आढळली. आकडे गंभीरच आहेत. पण याच लोकांची झोप साथीआधी कशी होती, हे त्यातून कळत नाही. शिवाय त्यात निद्रानाशाची तीव्रता मोजणारी प्रश्नावली सात प्रश्नांची आणि गेल्या दोन आठवड्यांपुरती. तिच्या गुणांवरून निदान होत नाही.

विद्यार्थ्यांचं दुखणं वेगळं. अनेक ठिकाणी त्यांना वॉर्डातून घरी पाठवलं; परीक्षा लांबल्या, वर्ग पडद्यावर गेले, उठायची ठरलेली वेळच राहिली नाही.

झोपेचे अभ्यासक आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्येच मांडलं होतं की निद्रानाश सुरू करणारं कारण वेगळं आणि तो टिकवणारं वेगळं असतं. न झोपता अंथरुणात पडून राहणं, दिवसा डुलक्या काढणं, झोप लागेल की नाही याचीच धास्ती घेणं, या सवयींमुळे साथ सरल्यावरही तो चालूच राहतो.