स्वस्त १९११ पिस्तूल घेऊन पार्ट बदलले की झालं?

अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांमध्ये एक समज पक्का बसलाय: सगळ्यात स्वस्त १९११ पिस्तूल (अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेलं डिझाइन) घ्या, पार्ट बदलत जा, महागड्याच्या तोडीस तोड होईल. होत नाही. हे डिझाइन आज अनेक कंपन्या बनवतात आणि मापं तंतोतंत जुळत नाहीत. मॅच बॅरल (स्पर्धेसाठीची जास्त अचूक नळी) किंवा थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा सुरक्षा-खटका) गनस्मिथकडून, म्हणजे बंदूक कारागिराकडून, कानस मारूनच बसवावी लागते. साध्या जीआय, म्हणजे जुन्या सैनिकी धाटणीच्या मॉडेलची पुढची माशी (नेम धरायची खूण) स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, छिद्रात ठोकून बसवलेली असते. तिथे डोव्हटेलची, म्हणजे तिरक्या कडांच्या खाचेत सरकवून बसणारी माशी हवी असेल, तर स्लाइडवर मिलिंग (यंत्राने खाच कापणं) आलं, वर मजुरी वेगळी. त्यापेक्षा डोव्हटेल खाच आणि बीव्हरटेल (मुठीच्या मागे हात वाचवणारं लांब टोक) आधीच असलेलं, थोडं महाग मॉडेल शेवटी स्वस्त पडतं. ओतीव (साच्यात ओतून केलेल्या) फ्रेमला, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्याला, मात्र लोक उगाच नाकं मुरडतात. रुगर या नावाजलेल्या अमेरिकी कंपनीच्या एसआर१९११ची फ्रेम ओतीवच आहे.