पॅलेस थिएटर ते केशवराव भोसले नाट्यगृह : कोल्हापूरच्या रंगमंचाची पार्श्वभूमी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, पडदे, खुर्च्या, छप्पर सगळं त्यात गेलं. ज्यांच्या नावानं हे नाट्यगृह ओळखलं जातं त्या केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला होती. त्या दिवशी शहरातले कलावंत काळवंडलेल्या भिंतींसमोर डोळे पुसत उभे होते.

तेव्हापासून बोलणं चालतं ते पुनर्बांधणीचं: छप्पर कसलं, आसनं किती, ध्वनियंत्रणा कोणती. ते व्हायलाच हवं. पण या रंगमंचावर कोणत्या धाटणीची नाटकं येत गेली, कुणी आणली आणि ती का बदलली, हे समजून घेतलं तरच ही वास्तू कोल्हापूरला इतकी का लागते ते उमगतं.

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. परतल्यावर कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारी गोल बैठक अशी त्याची रचना, म्हणजे लांबच्या माणसालाही डाव दिसावा. हे मैदान १९१२ ला पुरं झालं. त्याच्या पाठीला पाठ लावून १९१३ मध्ये नाट्यगृहाचं काम निघालं आणि १९१५ ला पॅलेस थिएटर तयार झालं. एका भिंतीच्या अलीकडे तालीम सुरांची आणि पलीकडे कुस्तीची. मला ही शेजारजोड फार महत्त्वाची वाटते. नाटक ही दरबारातल्या मोजक्या लोकांची करमणूक आहे असं मानणाऱ्या राजानं ते कुस्तीच्या मैदानाला चिकटवून बांधलं नसतं.

नाटकाची हौस महाराजांनी या मुलखात नव्यानं आणली असंही नाही. सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात झालं, पण किर्लोस्कर मूळचे धारवाडकडच्या गुर्लहोसूरचे. नारायण राजहंस या पोराच्या कानाला दुखणं होतं. महाराजांनी त्याला उपचारांसाठी मिरजेच्या मिशन इस्पितळात धाडलं, मिरजेतच त्याची किर्लोस्कर मंडळीशी गाठ पडली आणि १९०५ मध्ये तो शकुंतला होऊन उभा राहिला. तेच बालगंधर्व. सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी हा सगळा पट्टा नाटक कंपन्यांच्या बैलगाड्यांनी आणि आगगाड्यांनी जोडलेला होता. संगीत नाटकाचा मोठा प्रवाह याच भागातून वाहिला आणि पॅलेस थिएटर त्याच्या ऐन भराच्या काळात बांधलं गेलं.

आता नाटकांकडे येऊ. मुंबईला प्रेक्षक मोप. तिथे एकाच नाटकाचे प्रयोग लागोपाठ लावता येतात. लहान शहरात ते चालत नाही. कंपनी मुक्कामाला यायची ती काही आठवडे, कधी काही महिने. नाटकाला येणारी घरं ठरलेली असायची. शनिवारी जे बघून गेले तेच बुधवारी पुन्हा येणार, त्यांना तेच नाटक किती वेळा दाखवणार? त्यामुळे कंपनीच्या हाताशी एकाच वेळी अनेक नाटकं बसवलेली लागत. एखादं पौराणिक, एखादं सामाजिक, एखादं निव्वळ हसवणारं, आणि 'सौभद्र'सारखं हुकमी एक, जे कधीही लावलं तरी थिएटर भरणार. नटाला आठ-दहा नाटकांच्या नकला, म्हणजे आपल्या भूमिकांचे संवाद, पाठ असायला लागत आणि गाणाऱ्याला त्याहून कितीतरी पदं. संगीत नाटकांचा एवढा मोठा साठा मराठीत जमला, त्यामागे या मुक्कामांची गरज मोठी होती असं मला ठामपणे वाटतं.

त्या साठ्यात काय होतं? किर्लोस्करांचं 'सौभद्र' (१८८२). देवलांचं 'शारदा' (१८९९), म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या अजाण मुलीचं नाटक, ज्यावर घराघरांत भांडणं झाली असतील. देवल हरिपूरचे, म्हणजे सांगलीच्या वेशीवरचे. खाडिलकर सांगलीचेच. त्यांच्या 'कीचकवधा'त (१९०७) लोकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला आणि सरकारनं १९१० मध्ये प्रयोगांवर बंदी आणली. नंतर 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६). 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि ते तर कोल्हापूरचेच. गद्य नाटकांच्या मंडळ्या वेगळ्या असत. शाहूनगरवासी मंडळीचा 'हॅम्लेट' आणि त्यातले गणपतराव जोशी यांची कीर्ती त्या काळी गायकनटांच्या तोडीची होती.

केशवराव याच मातीतले. १८९० ला कोल्हापुरात जन्म. घरची गरिबी, शाळा नावापुरतीही नाही, आणि लहान वयातच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत प्रवेश. तिथे 'शारदा'मधल्या शारदेच्या भूमिकेनं हा मुलगा गाजला. १९०८ च्या आरंभी, वयाच्या अठराव्या वर्षात, त्यांनी हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. गवई रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांना मिळाली. आवाज चढा, तान दमदार आणि फेक अशी की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हा आपल्याशीच बोलतोय. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात नाट्यगृहाचं आणि गायकनटाच्या गळ्याचं माप एकमेकांनी ठरवलं होतं.

आपल्या मंडळीसाठी त्यांनी निवडलेली नाटकं मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. 'दामिनी' (१९१२) हिराबाई पेडणेकरांचं, म्हणजे त्या काळात एका स्त्रीनं लिहिलेलं. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' वीर वामनराव जोशींचं. 'हाच मुलाचा बाप' (१९१६) वरेरकरांचं, हुंड्यावरचं. त्यांचंच 'संन्याशाचा संसार' (१९१९) धर्मांतराच्या प्रश्नावरचं. हुकमी पौराणिक कथानकं हाताशी असताना नव्या लेखकावर आणि चालू प्रश्नावर पैसा लावायचा, हे धाडस होतं. संगीत नाटक म्हणजे नुसती गाण्याची बैठक असं आज सरसकट बोललं जातं, त्याला या निवडीनं परस्पर उत्तर मिळतं.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव झाले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले, त्या रात्रीच्या आठवणी पुढच्या दोन पिढ्यांनी सांगितल्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय एकतीस. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर भालचंद्र पेंढारकरांनी चालती ठेवली. 'दुरितांचे तिमिर जावो' (१९५७) आणि 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) याच संस्थेची. पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव मिळालं.

संगीत नाटकाला ओहोटी लागली त्याचं एक कारण कोल्हापुरातच तयार होत होतं. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले. १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला, म्हणजे 'कीचकवधा'चीच कथा, आता पडद्यावर. कोल्हापूरचेच शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते, तिथून ते पेंटरांकडे आले आणि १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी याच शहरात सुरू झाली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र कोण, तर 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे. माणसं तीच, गळे तेच, कथाही पुष्कळशा त्याच. बोलपट गावात आठवडाभर रोज तीन वेळा दिसत होता आणि तिकीट नाटकापेक्षा स्वस्त. शंभर माणसांचं बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या कंपनीला ही बरोबरी कशी झेपणार?

स्वातंत्र्यानंतर मुक्काम संपले आणि दौरे आले. नाटकाची बस दुपारी येते, सेट लागतो, रात्री प्रयोग होतो आणि पहाटेपर्यंत मंडळी पुढच्या गावाला निघालेली असतात. नाटक मुंबई-पुण्यात ठरतं, तिथं चाललं तरच इकडे येतं. वाईट नाटकं येतात असं अजिबात नाही, अनेक उत्तम प्रयोग कोल्हापूरकरांनी याच खुर्च्यांत बसून पाहिले. फक्त काय बघायचं हे ठरवण्यात गावाचा वाटा उरला नाही.

तो वाटा जपला हौशी संस्थांनी. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू झाली आणि दर वर्षी ठरलेल्या हंगामात गावातल्या नोकरदारांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी बसवलेली नाटकं रंगमंचावर येऊ लागली. धंद्याच्या गणितात न बसणारी संहिता इथे घेता येते. कोल्हापूरच्या 'प्रत्यय' या हौशी संस्थेनं विंदा करंदीकरांच्या अनुवादातून 'राजा लिअर' उभा केला, तो याच परंपरेत बसतो.

या संस्थांची अडचण जुनी आहे. दोन-तीन महिने संध्याकाळी तालमी होतात, नेपथ्य तयार होतं, स्पर्धेचा एक प्रयोग होतो आणि सेट कुणाच्या तरी गोदामात जाऊन पडतो. दुसऱ्या प्रयोगासाठी तारीख मिळवायची तर व्यावसायिक नाटकं, लावण्यांचे कार्यक्रम, वाद्यवृंद आणि संमेलनं यांच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि भाडं पदरचं. रंगीत तालीम खऱ्या रंगमंचावर करायला मिळणं तर चैनीत जमा. नवं नाट्यगृह उभं राहील तेव्हा वर्षाच्या काही तारखा आणि तालमीपुरत्या काही सकाळी या मंडळींच्या नावानं राखून ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. त्याला वेगळं बांधकाम लागत नाही, तारखांच्या वहीत जागा लागते.