समलिंगी रग्बी संघ

समलिंगी रग्बी संघ : समलिंगी पुरुषांनी उभारलेला आणि इतरांनाही दार मोकळे ठेवणारा हौशी रग्बी संघ. ‘हौशी’ म्हणजे काय, हे जत्रेची नाटके पाहिलेल्या गोमंतकीयाला सांगायला नको : दिवसा दुकान नाहीतर कचेरी, संध्याकाळी तालीम, आणि खर्च पदरचा.

असा जगातला पहिला संघ ‘किंग्ज क्रॉस स्टीलर्स’. लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातल्या ‘सेंट्रल स्टेशन’ या पबमध्ये १९९५ साली तो जन्मला. समलिंगी संबंधांवरची बंदी इंग्लंडने १९६७ मध्ये उठवली होती, तरी १९९५ मध्ये संमतिवय (संबंधांना कायद्याने संमती देता येण्याचे वय) इतरांना १६ आणि समलिंगी पुरुषांना १८ होते. रग्बी तर मर्दानगीचा खेळ मानलेला. शाळेत चिडवाचिडवीला कंटाळून मैदान सोडलेले कितीतरी. त्यामुळे अशा संघात नवख्यांना पहिल्यापासून शिकवावे लागते : पडावे कसे, टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडताना, डोके कुठे ठेवावे, चेंडू हाताने पुढे का टाकायचा नाही. पंधरा जणांत स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघ एकमेकांना भिडतात तिथे, रेटा लावणारे आठ धिप्पाड गडी लागतात, तसा कडेने पळणारा चपळ विंगरही लागतो. अंगयष्टी कशीही असो, जागा मिळते. नवख्यांना हा खेळ मानवला तो यामुळेच असावा.

सुरुवातीला दुसरा समलिंगी संघच नसल्याने स्टीलर्स साध्या स्थानिक क्लबांशी खेळले. पुढे वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, डब्लिन, सिडनी असे संघ निघत गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फॉग’ संघाचा खेळाडू मार्क बिंगहॅम ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत ‘युनायटेड ९३’ विमानात मृत्युमुखी पडला; अपहरणकर्त्यांना प्रतिकार करणाऱ्या प्रवाशांत त्याची गणना होते. त्याच्या नावाचा बिंगहॅम चषक २००२ मध्ये सुरू झाला. साधारण दर दोन वर्षांनी तो भरतो. २०१४ मध्ये सिडनीत, २०२४ मध्ये रोममध्ये झाला.

भारतात रग्बी ब्रिटिश छावण्या आणि जिमखान्यांतून आला. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात तो रुजला नाही. इथे १८८३ मध्ये एका पाद्रीने शिवोलीत फुटबॉल आणला आणि भातकापणीनंतरची शेतेही फुटबॉलच्याच वाट्याला गेली. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मधील प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा सात-सात जणांचा रग्बी इथल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.