किशोर कादंबऱ्यांतली विविधता: मोजणीतून पेटलेला वाद

अमेरिकेतल्या वाचनमंडळांत किशोरवयीनांसाठीची, म्हणजे तिथल्या भाषेत 'यंग अ‍ॅडल्ट', कादंबरी निवडली की चर्चा बहुधा 'डायव्हर्सिटी'वर येऊन ठेपते. नायिका कोण, लेखिका कोण, मुखपृष्ठावर कोणाचा चेहरा? लांबून पाहणाऱ्याला हे सोशल मीडियाने काढलेलं खूळ वाटतं. पण हा वाद साठ वर्षांचा आहे, आणि त्याला धार आली ती शिक्षक-ग्रंथपालांनी चिकाटीने पुस्तकं मोजली म्हणून.

न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांच्या काळ्या मुलीने पुस्तक बघता बघता विचारलं, 'यात नेहमी गोरीच मुलं का असतात?' वाचनशिक्षणातल्या तज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये 'सॅटर्डे रिव्ह्यू'त लिहिलेला लेख या प्रश्नापासून सुरू होतो. त्यांनी थेट प्रकाशकांकडूनच माहिती मागवली होती. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांपैकी एखादं तरी काळं पात्र असलेली पुस्तकं निघाली ३४९, म्हणजे ६.७ टक्के. त्यातलीही जवळपास साठ टक्के अमेरिकेबाहेर नाहीतर दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काळात घडणारी. त्या काळच्या अमेरिकेतलं, शेजारच्या गल्लीत राहणारं काळं मूल एक टक्का पुस्तकांतही नव्हतं.

लेखाची वेळही अचूक साधली गेली. नागरी हक्कांची चळवळ जोरात होती आणि त्याच वर्षीच्या नव्या शिक्षण कायद्याने शाळांच्या ग्रंथालयांना पुस्तकखरेदीसाठी केंद्राचा पैसा मिळू लागला होता. प्रकाशकांना सद्बुद्धी सुचली त्यात या पैशाचा वाटा मोठा होता, असं मला वाटतं.

१९६५ मध्येच 'कौन्सिल ऑन इंटररेशियल बुक्स फॉर चिल्ड्रेन' ही संस्था निघाली. तिने नव्या लेखकांसाठी स्पर्धा घेतली आणि १९६८ च्या विजेत्यांत एक नाव होतं वॉल्टर डीन मायर्स. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत वाढलेला, शाळा अर्धवट सोडलेला हा वाचनवेडा मुलगा. पुढे त्यांनी शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली आणि २००० साली किशोर साहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले मानकरी तेच ठरले.

एक मायर्स मिळाले म्हणून आकडे हलले नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने १९८५ मध्ये पुन्हा मोजणी केली: त्या वर्षीच्या सुमारे २,५०० पुस्तकांत काळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तकं फक्त १८. केंद्राने मग हा शिरस्ताच पाडला. १९९० मध्ये बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी आरसे आणि खिडक्यांची उपमा दिली. मुलाला पुस्तकात स्वतःचा चेहराही दिसावा आणि दुसऱ्याचं घरही. शिक्षकांच्या भाषणांत ही उपमा आता फार वापरून गुळगुळीत झाली आहे, पण मूळ निबंधात गोऱ्या मुलांना फक्त आरसेच मिळतात, त्याचंही नुकसान मांडलेलं आहे. ते सहसा कोणी सांगत नाही.

बाजार कसा विचार करतो याचा नमुना २००९ मध्ये दिसला. जस्टिन लार्बालेस्टिएर यांच्या 'लायर' कादंबरीची नायिका मिश्रवंशीय, आखूड कुरळ्या केसांची. अमेरिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र लांब सरळ केसांची गोरी मुलगी. लेखिकेने स्वतःच जाहीर नाराजी दाखवली, वाचक खवळले आणि प्रकाशनाआधी मुखपृष्ठ बदलावं लागलं.

विस्कॉन्सिनच्या केंद्राच्या २०१३ च्या मोजणीत सुमारे ३,२०० पुस्तकांपैकी काळ्या माणसांविषयीची ९३ होती. हाच आकडा घेऊन मायर्स यांनी मार्च २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं. त्याच जुलैत ते गेले. मधल्या काळात 'बुककॉन' या मेळाव्याने बालसाहित्याच्या परिसंवादासाठी चार लेखक जाहीर केले, चौघेही गोरे पुरुष. एलन ओ, मलिंडा लो अशा लेखिकांनी ट्विटरवर सुरू केलेल्या संतापातून 'वुई नीड डायव्हर्स बुक्स' ही मोहीम आणि पुढे संस्था उभी राहिली. तिने मायर्स यांच्या नावाने नवोदितांसाठी अनुदान ठेवलं. ते पहिल्याच खेपेला मिळालेल्यांत अँजी थॉमस होत्या, ज्यांची 'द हेट यू गिव्ह' २०१७ मध्ये तुफान खपली.

इथून प्रश्न सरकला: पात्र कोण यावरून लिहिणारा कोण यावर. डच लेखिका कोरिन डाउफिस यांनी २०१५ मध्ये 'ओन व्हॉइसेस' (म्हणजे लेखकही पात्राच्याच उपेक्षित समाजातला) ही खूण सुचवली, ती निव्वळ पुस्तकं शोधायला सोपी जावीत म्हणून. प्रकाशकांनी तिचं जाहिरातीचं लेबल केलं, वाचकांनी लेखकांची उलटतपासणी सुरू केली. पात्रासारखेच आपणही समलिंगी आहोत का, हे लेखकाने जगाला का सांगावं? २०२१ मध्ये 'वुई नीड डायव्हर्स बुक्स'नेच ही खूण वापरणं सोडून दिलं.

विस्कॉन्सिनच्या केंद्राच्या २०१८ च्या आकड्यांवरून काढलेलं एक चित्र खूप फिरलं. मुख्य पात्रं गोरी असलेली पुस्तकं ५० टक्के, प्राणी वगैरे २७, काळी १०, आशियाई ७, लॅटिनो ५, मूलनिवासी १. म्हणजे ससे-अस्वलांची संख्या सगळ्या बिगरगोऱ्या मुलांहून जास्त. न्यू जर्सीतल्या मराठी घरातलं मूल यात शोधायचं तर त्या सात टक्क्यांत, चिनी, कोरियन, फिलिपिनो मुलांच्या गर्दीत.

त्यानंतरची मोजणी वेगळीच आहे. ग्रंथालयांतून काढून टाका म्हणून मागणी झालेली पुस्तकं अमेरिकन लायब्ररी असोसिएशन नोंदवते. २०२३ मध्ये अशी ४,२४० शीर्षकं होती, त्यातली जवळपास निम्मी समलिंगी-ट्रान्स किंवा बिगरगोऱ्या माणसांविषयीची.