चार वादक तेच, कार्यक्रम वेगळे

दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुरांचं) आणि एक चेलो (त्याहून मोठं, बसून वाजवायचं), म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. ‘शास्त्रीय संगीत आजच्या श्रोत्यांपर्यंत नेणारं क्वार्टेट’ हे बिरुद हल्ली दोन अगदी वेगळ्या मंडळींना सरसकट लावलं जातं. एक मंडळी लोकप्रिय गाणी या वाद्यांवर बसवतात. दुसरी याच वाद्यांसाठी आजच्या संगीतकारांकडून नव्या रचना लिहून घेतात. तिकीट काढण्याआधी आपण कुठे चाललोय हे ठाऊक असलेलं बरं.

पहिल्या प्रकारातलं गाजलेलं नाव लॉस एंजेलिसचं व्हिटॅमिन स्ट्रिंग क्वार्टेट. २०२० साली आलेल्या ‘ब्रिजर्टन’ मालिकेत नाचाच्या प्रसंगी पॉप गायिका आरियाना ग्रांडेचं गाणं तंतुवाद्यांवर वाजतं, ते यांचंच. गंमत म्हणजे हा ठरलेल्या चौघांचा संच नाहीच, वादक बदलत असतात. अशा संयोजनांत बहुधा गायकाची चाल पहिल्या व्हायोलिनकडे जाते, बेस, म्हणजे खालचे सूर, चेलोकडे, आणि मधले दोघे नुसते सूर भरत बसतात. व्हिओलावाल्याची तर दयाच येते. पण यात कमीपणा मानायचं कारण नाही. अठराव्या शतकातला संगीतकार हायडन याच्या सुरुवातीच्या क्वार्टेट-रचनांमध्येही पहिल्या व्हायोलिनचाच वरचष्मा होता. पुढे त्यानेच चौघांना बरोबरीने बोलतं केलं. शिवाय गाणं पाठ असल्यामुळे नवख्या श्रोत्याचं लक्ष आपसूक वाद्यांच्या आवाजाकडे जातं.

दुसऱ्या प्रकाराचा चेहरा म्हणजे क्रोनोस क्वार्टेट. अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्बची ‘ब्लॅक एंजल्स’ ही रचना रेडिओवर ऐकून व्हायोलिनवादक डेव्हिड हॅरिंग्टनने १९७३ मध्ये ते सुरू केलं. व्हिएतनाम युद्धाच्या छायेतल्या त्या रचनेत वादक पाणी भरलेल्या काचेच्या प्याल्यांवर गज फिरवतात, मोठ्याने आकडे उच्चारतात. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. पण मला सांगावीशी वाटते ती अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९८८ मध्ये क्रोनोससाठी लिहिलेली ‘डिफरंट ट्रेन्स’. राइशच्या लहानपणचे अमेरिकेतले रेल्वेप्रवास आणि त्याच काळात युरोपातल्या ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या, असा तिचा विषय. टेपवर माणसांचं साधं बोलणं ऐकू येतं आणि त्या बोलण्यातला चढउतार वाद्यं जशीच्या तशी उचलतात: बाईचा आवाज असला की व्हिओला, पुरुषाचा असला की चेलो. इथे व्हिओला काढून घेतला तर रचनाच कोसळेल.

आता घोळ कुठे होतो, तर क्रोनोसही गाणी वाजवतं. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं गाणं त्यांनी वाजवलंय. २००५ मध्ये तर आशा भोसलेंना सोबत घेऊन आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला; तबल्यावर झाकीर हुसेन, पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान. तेव्हा ‘गाणी वाजवतात म्हणजे पहिला प्रकार’ हा हिशेब चालत नाही. मी सरळ कार्यक्रमपत्रिका बघतो. ओळखीच्या गाण्यांची यादी असेल, तर संध्याकाळ सुरेल आणि निर्धास्त जाईल. जिवंत संगीतकारांची नावं आणि पुढे ‘प्रथम सादरीकरण’ असं छापलेलं असेल, तर एखादी रचना डोक्यावरून जाईल, हे धरूनच चला. मी दोन्हीकडे जातो. पैसे जपून खर्चायचे असले तर दुसऱ्या प्रकाराकडे.