नर्सिंग प्रवेशाची ‘मेडिकल’: काय लागतं, कुठे करायचं आणि पैसे कोणी भरायचे

नर्सिंगचा खर्च मांडताना घरातले फी धरतात, हॉस्टेल धरतात, युनिफॉर्म आणि बूटही धरतात. मेडिकल धरायची मात्र राहून जाते. मग कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, नाव लागतं, रिपोर्टिंगला दोन-तीन दिवस उरतात आणि मुलगी वडिलांसोबत समोर दिसेल त्या लॅबमध्ये शिरते. माझ्या भाचीचं असंच झालं. कॉलेजच्या यादीत ‘रक्त तपासणी, एक्स-रे, लसीकरण’ एवढंच लिहिलेलं. लॅबने त्याचं पॅकेज करून दिलं आणि शेतमजुरी करणाऱ्या घरातून चार हजार रुपये गेले. त्या पॅकेजमध्ये काविळीच्या लसीचा टायटरही होता, म्हणजे लसीने संरक्षण तयार झालं का हे बघणारी रक्त तपासणी, आणि तोवर तिने लसीचा एकही डोस घेतलेला नव्हता! असं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पात्रता थोडक्यात. बीएस्सी नर्सिंगला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला किमान ४५ टक्के. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी कक्षाची बीएस्सी नर्सिंग सीईटी द्यावी लागते. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी मात्र हवं आणि गुण किमान ४० टक्के. आरोग्याबद्दल भारतीय नर्सिंग कौन्सिलची अट एका ओळीची आहे: उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या सक्षम असावा. सगळा गोंधळ या एका ओळीतून सुरू होतो, कारण तिच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी मागितल्या जातात.

पहिली गोष्ट फिटनेस सर्टिफिकेट. प्रवेशाच्या कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर यांच्यासोबत हाही एक कागद असतो. त्याचा नमुना माहितीपुस्तिकेच्या शेवटी दिलेला असतो. तोच छापून न्या. डॉक्टरांच्या लेटरहेडवर वेगळ्या शब्दांत आणलेलं प्रमाणपत्र पडताळणीत अडकू शकतं. सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक तिथेच उभं राहून तपासा. प्रमाणपत्राचं शुल्क घेतलं तर पावती मागा. या कागदासाठी दहा प्रकारच्या रक्त तपासण्या लागत नाहीत.

दुसरी गोष्ट कॉलेज मागतं त्या तपासण्या: हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, छातीचा एक्स-रे, कुठे कुठे क्षयरोगासाठी माँटू चाचणी. या सरकारी दवाखान्यात करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. महापालिकेचे दवाखाने आणि मेडिकल कॉलेजची रुग्णालयं यात येत नाहीत. तुमच्या सिव्हिलला मेडिकल कॉलेज जोडलं गेलं असेल, तर तिथे दर लागू शकतो, म्हणून आधी तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा. माँटूचा खरा खर्च फेऱ्यांचा असतो. सुई टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत हात दाखवायला परत जावं लागतं. गाव लांब असेल तर दोन वेळचं एसटीभाडं आणि आईचा किंवा वडिलांचा बुडालेला रोज धरूनच दिवस निवडा. शुक्रवार शक्यतो टाळा, रविवारी वाचायला कोणी नसतं आणि सोमवारी ७२ तासांच्या आत पोचावं लागतं.

तिसरी गोष्ट लस, आणि सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. हिपॅटायटिस बी, म्हणजे कावीळ बीचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पैसे असले तरी हे सहा महिने विकत घेता येत नाहीत. वॉर्डात कावीळ बी असलेल्या रुग्णाला वापरलेली सुई टोचली, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला कावीळ बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या सुईने एचआयव्ही होण्याचा धोका साधारण ०.३ टक्के असतो. एवढा फरक आहे, आणि कावीळ बी लसीने टाळता येते. ही लस बालकांच्या सरकारी लसीकरणात देशभर पोचली ती २०११-१२च्या सुमारास. आत्ता बारावीला असलेल्या काही मुलींना ती लहानपणी मिळालेली नसेल. घरातलं जुनं लसीकरण कार्ड शोधा. डोस लिहिलेले सापडले, तर ते कार्ड डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवा. मधला डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला घेतला की पुरतं. टायटर, म्हणजे अँटी-एचबीएस चाचणी, तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी करायची. १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण आहे असं धरतात.

गोवर-रुबेलाची लस नोव्हेंबर २०१८ पासूनच्या मोहिमेत शाळेतच दिली होती. तेव्हा मिळालेलं कार्ड असेल तर एक खर्च वाचतो. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात नाही आणि ती महाग आहे. कॉलेजने लेखी मागितली तरच घ्या. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर ते डॉक्टरांना सांगा.

आता पैशाचा प्रश्न. विद्यार्थ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस, प्रत्येकीची आरोग्य नोंद या सोयी संस्थेने ठेवाव्यात, असं नर्सिंग कौन्सिलचे निकष सांगतात. त्यामुळे कॉलेजने ‘मेडिकल’ म्हणून एकरकमी पैसे मागितले, तर कोणती तपासणी आणि किती रुपये हे लेखी मागा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ही रक्कम त्या मंजूर फीत आधीच धरली आहे का, तेही विचारा. विचारणं म्हणजे उद्धटपणा होत नाही. मुलींच्या फीमाफीत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क येतं, लस आणि तपासण्या येत नाहीत, म्हणून ही विचारणा माफी मिळणाऱ्या घरांनीही करायची.

दोन गोष्टींना घाबरून कुणी अर्ज सोडू नये. रंगांधळेपणा असलेल्या उमेदवारांना, रंग सुधारणारी लेन्स किंवा चष्मा वापरण्याच्या अटीवर, कौन्सिलने पात्र धरलं आहे. आणि प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. यादीत ती दिसली तर कारण लेखी मागा.

बारावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो. त्याच आठवड्यात पहिला डोस घेतला, तर दुसरा एप्रिलमध्ये आणि तिसरा सप्टेंबरमध्ये येतो. भाचीचा तिसरा डोस या हिशेबाने वॉर्डात जाण्याआधी झाला असता. तिचा झाला तो पोस्टिंग सुरू होऊन तीन महिन्यांनी.