वृद्धांची शुश्रूषा कोणाच्या खात्यात?

१९५१ मध्ये देशात साठी ओलांडलेले लोक सुमारे २ कोटी होते. २०११ च्या जनगणनेत ते १० कोटींच्या वर गेले आणि महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक ज्येष्ठ नागरिक आढळला. साथीचे रोग आटोक्यात येऊन आयुर्मान वाढले, त्याचबरोबर घरातली मुले कमी झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ होता. कोकणात त्यात स्थलांतराची भर पडली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि चाकरमानी गणपतीला येऊन गेले की अनेक वाड्यांत मागे म्हातारी माणसेच उरतात.

शासनाने या प्रश्नाकडे प्रथम पैशांच्या अंगाने पाहिले. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राचे वार्धक्य निवृत्तिवेतन सुरू झाले, ते दरमहा ७५ रुपयांचे. पुढे साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये झाला आणि तिथेच थांबला. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून राज्य त्यात भर घालते. २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. अर्थात ज्याला एसटीची पायरी चढवते त्यालाच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून देणे, अंघोळ घालणे, वेळेवर भरवणे ही कामे मात्र घरातल्या बायकांची, बहुधा सुनेची, असे धोरणकर्त्यांनी न बोलता गृहीत धरले. वृद्धांविषयीच्या १९९९ च्या राष्ट्रीय धोरणाचा भर कुटुंबावरच होता. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला, पण वेळ देणारे माणूस न्यायाधिकरणाच्या आदेशाने मिळत नाही. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मात्र राज्य शासन तो स्थापन करू शकेल, अशी सैल भाषा असल्याने ते बंधन ठरले नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांचे वृद्धोपचार कक्ष योजले, तेही आजारपणापुरते.

घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांचे नियमन २००७ च्या त्याच कायद्यात बदल सुचवणाऱ्या २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात होते. ते मंजूर न होताच बारगळले. परिणामी पुण्या-मुंबईत शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बारा किंवा चोवीस तासांसाठी येणाऱ्या मावशींचे प्रशिक्षण, पगार आणि सुट्टी हे सारे अजूनही ब्यूरो आणि घरचे लोक आपसांतच ठरवतात.